उलट्या चुण्यांच्या पुरचुंड्या

गेले चार महिने आई मला ‘नर्सबाई’ म्हणते. पहिल्या दिवशी हसू आलं, दुसऱ्या दिवशी रडू, आणि तिसऱ्या दिवसापासून राग. मी तापट आहेच, त्यात नवीन काही नाही. पण जिच्या पोटी जन्मले तिनेच “तुमच्या घरी कोण कोण असतं हो?” असं विचारलं, तर कुणाचंही डोकं फिरेल.

डॉक्टर म्हणाले, जुनी कामं हातात द्या. मी सुईदोरा दिला. तिने तो नीट गुंडाळून परत केला. फोटो दाखवले; तिने त्यातल्या खुर्चीचं कौतुक केलं. शेवटी रविवारी सकाळी मी मैदा काढला. तिने एकदा, फक्त एकदा मला ओळखावं, एवढंच मला हवं होतं.

पुरचुंड्या हे आमच्या घरातलं नाव. खरं तर ते वाफवलेले चिनी डम्पलिंग. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, तेव्हा शेजारच्या मशीनवर एक चिनी बाई बसे. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं ओ की ठो कळत नसे. पण जेवणाच्या सुट्टीत तिचा डबा उघडला की आई त्यातल्या चुण्यांवरून नजर हलवायची नाही. एका रविवारी त्या बाईने आमच्या स्वयंपाकघरात येऊन नुसत्या खाणाखुणांनी सगळं शिकवलं. कोबी मीठ लावून पिळायचा, पारी मधे जाड आणि कडेला पातळ लाटायची, चुण्या उजवीकडे झुकवायच्या. आईच्या लेखी तो कायदाच झाला.

मी डावरी. माझ्या चुण्या डावीकडे झुकायच्या. “अगं डावरे, सरळ काम उलटं करायचा विडा उचललायस का?” असं म्हणत ती माझी पुरचुंडी उलगडून पुन्हा घालायची. एकदा मी लाटणं आपटून तणतणत निघून गेले. त्यानंतर तिने उलगडणं सोडलं, पण माझ्या पुरचुंड्या चाळणीच्या एका कोपऱ्यात वेगळ्या ठेवायला लागली. पाहुण्यांच्या ताटात त्या कधी गेल्या नाहीत. तो कोपरा मला इतकी वर्षं सलत होता.

“तुम्हाला येतं का हे, नर्सबाई?” आई खुर्चीत टेकत म्हणाली.

“येतं थोडंफार.”

मी पारी लाटून तिच्या तळहातावर ठेवली, मधे कोबी-खिम्याचं सारण घातलं. ती नुसती बघत राहिली. मग अंगठा हलला. एक, दोन, तीन... बरोबर बारा चुण्या. मला इतका आनंद झाला की पुढची पारी फाटली.

“घाई कशाला?” ती म्हणाली. “गाडी सुटत नाहीये.”

तासाभरात चाळण भरली. तिच्या आणि माझ्या, सगळ्या एकत्र. आईने चाळण पुढे ओढली आणि एकेक करून माझ्या पुरचुंड्या उचलून कोपऱ्यात ठेवू लागली. माझं डोकंच सणकलं.

“राहू देत ना तिथेच! आज कुठे पाहुणे आलेत?”

“हळू बोला,” ती म्हणाली. “ह्या माझ्या डावरीच्या आहेत.”

माझा हात तसाच थांबला. “मग वेगळ्या कशाला?”

“मला लागतात. पोरीच्या हातच्या आहेत, लोकांना का वाटू?”

आई नेहमी सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभी राहून जेवायची. ती काय खाते हे मी कधी वळून पाहिलं नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नसेल.

तिने एका पुरचुंडीला बोट लावलं. “पीठ ओलं आहे अजून. म्हणजे ती आलीये?”

“आलीये.”

“मग आधी नाही का सांगायचं? ठेवा चाळण पटकन. भूक लागली की डोक्यात राख घालून घेते ती.”

बारा मिनिटांनी मी झाकण काढलं. आईने कोपऱ्यातल्या सगळ्या एका ताटलीत घेतल्या आणि म्हणाली, “जा, बोलवा तिला.”

मी बाहेरच्या खोलीत गेले, डोळे पुसले, केस सारखे केले आणि परत दारात येऊन उभी राहिले.

“आई, मी आले गं.”

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, रिकाम्या खोलीत पाहिलं.

“या, बसा नर्सबाई,” ती म्हणाली आणि ताटली माझ्याकडे सरकवली. “ती येईपर्यंत तुम्ही एक खाऊन घ्या. पण एकच हं.”

मी एकच घेतली.