बाराव्या ओळीवर

दुपारी ऑफिसातून लवकर सुटून ती घरी आली, तेव्हा शेजारच्या मावशी धर्मग्रंथ मांडीवर घेऊन तिच्या लेकीचं पाठांतर करून घेत होत्या.

"बाराव्या ओळीलाच कशी गं दातखीळ बसते तुझी? म्हण. 'जे आपल्यातले नाहीत, त्यांच्या वाट्याला आग.'"

लेक अंगठ्याने फरशी उकरत राहिली. "मावशी, तू आपल्यातली आहेस ना?"

"मी कुठली? माझा देव वेगळा. पण तुला मार्क पूर्ण हवेत. म्हण."

आई दारातच थबकली. पाच महिन्यांची असल्यापासून पोर या बाईच्या मांडीवर वाढली होती. शनिवारी प्रार्थनागृहात पाठांतराची स्पर्धा, आणि मावशी पहिल्या रांगेत बसणार. त्यांच्या तोंडावर पोरीने हे म्हणायचं?

तिने मागची-पुढची पानं वाचून काढली, कुठे फट सापडते का बघायला. सापडली नाही. ओळ होती तशीच होती.

"लहान मुलांना अर्थ कुठे कळतो?" नवरा म्हणाला.

"कळतो, म्हणूनच तर अडते ती."

मग ती धर्मवर्गाच्या बाईंकडे गेली.

"ग्रंथातली ओळ गाळायची म्हणता?" बाईंच्या भुवया चढल्या.

"ग्रंथात राहू दे. माझी मुलगी ती म्हणणार नाही. अकराव्या ओळीवर थांबेल."

"बक्षीस जाईल."

"जाऊ दे."

"लोक तुम्हालाच बाहेरची म्हणतील."

तिने पर्स खांद्याला अडकवली. "म्हणू देत."

शनिवारी लेक अकरा ओळी खणखणीत म्हणून थांबली. आईने नवऱ्याला सांगितलं होतं, बाईंना सांगितलं होतं, लेकीला दहादा बजावलं होतं. राहिल्या होत्या फक्त मावशी. त्यांना सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

पोर विसरली या काळजीने मावशी पुढे झुकल्या आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "'जे आपल्यातले नाहीत...' पुढे?"

कुणीतरी खोकलं. बाई खाली बघू लागल्या.

"आठवतेय मावशी," लेक म्हणाली. "पण ती म्हणायची नाहीये."

"महिनाभर घसा कोरडा केला मी," मावशी पुटपुटल्या. चष्मा काढून पुसू लागल्या. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

आई मागच्या रांगेतून उठली. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत पुढे आली, लेकीला मांडीवर घेऊन मावशींना खेटून बसली. पुढचा मुलगा उभा राहिला. त्याला बाराही ओळी पाठ होत्या. तिने मावशींचा हात हातात घेतला आणि मान ताठ ठेवून बाराव्या ओळीची वाट बघू लागली.