खाऱ्या मातीचं धाबं

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत दर्यापुरात कोण कुठून येईल याचा नेम राहिला नव्हता. साता समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे आमच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढल्या होत्या. दलाल आले, अडते आले, मुंबईच्या पेढ्यांचे कारकून आले. त्यांतलेच एक हरिहरपंत. बायकोला घेऊन आले आणि आमच्या घराचा पुढचा अर्धा भाग त्यांनी राहायला मागितला. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, 'हो' म्हणून बसले. सासूबाईंना विचारायचं राहून गेलं, आणि त्याची शिक्षा घरातल्या सगळ्यांनी भोगली.

माझ्या सासूबाई म्हणजे गोदाबाई. सासऱ्यांनी स्वतः माती तुडवून ते घर उभं केलं होतं. ते गेल्यावर सासूबाई त्या घराला जिवापाड जपत. घराच्या निम्म्यानं जरी त्यांनी सुनेला जपलं असतं तरी माझं भलं झालं असतं.

आमच्याकडे घर जपणं काही सोपं नाही. उन्हाळ्यात भिंतींना तडे जातात. पावसाळ्यात पश्चिमेची झड भिंतीचं लिंपण खरवडून नेते. त्यात जमीन खारी, म्हणून भिंतीच्या पायथ्याला पांढरा लोणा फुटतो आणि माती पिठासारखी गळते. पण त्याच खाराचा एक उपकारही आहे. पूर्णा नदीकाठची खारी माती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, पसरून तुडवली की पाण्याचा थेंब खाली उतरत नाही. दर वर्षी मृगाआधी नवा थर द्यायचा आणि पावसाळाभर निश्चिंत राहायचं. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

पंतांच्या बायकोला, अनसूयाबाईला, ते कसं ठाऊक असणार? ती हर्णैकडची, समुद्रकाठी वाढलेली. वयानं माझ्याएवढीच. पहिले काही दिवस ती मला घाबरायचीच. मी "बस न वं बाई, काहून उभी हायेस?" म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. एकदा तिनं हळूच विचारलं, "सुभद्राबाई, माझं काही चुकलं का? तुम्ही सारख्या रागावता." मी इतकी हसले की पदर तोंडात कोंबावा लागला. त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलं.

दुपारी ओट्यावर आम्ही सरकी निवडत बसायचो. ती समुद्राच्या गोष्टी सांगायची आणि मी तोंड उघडं टाकून ऐकायची. पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीवर नारळाच्या झावळ्यांचे पडदे बांधतात, खारा वारा दाराच्या बिजागऱ्या खातो, कड्या खातो, वर्षभरात खिळ्याचा भुगा होतो. मी म्हणायची, "असं खादाड गाव कायले पाह्यजे?" ती हसायची, पण डोळ्यांत पाणी असायचं. मला तोवर मैत्रीण अशी नव्हतीच. सासर म्हणजे काम, एवढंच मला माहीत होतं. तिच्यामुळे दुपारची वाट पाहण्याची सवय लागली.

त्या वर्षी मृगाआधी आम्ही धाब्यावर खारी माती टाकून घेतली आणि अकोटला लग्नाला गेलो. चार दिवसांनी परत आलो तर पुढच्या भागाचं धाबं काळंभोर. पेढीवरचा हमाल हाताशी घेऊन अनसूयाबाईनं सगळी खारी माती काढली होती आणि शेतातली काळी माती अंथरून छान थापली होती. काढलेली माती दुसऱ्याची वस्तू म्हणून रिकाम्या गोठ्यात रचून ठेवली होती. मला धाब्याकडे बोट दाखवत म्हणाली, "आता घाबरू नका. खार गेला सगळा. आणि ज्या मातीनं तुम्हांला सोनं दिलं, ती घरावर का नसावी?"

काळी माती म्हणजे आमची मायच. पण ती उन्हात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाऊस पडला की रेड्यासारखी पाणी पिते.  सासूबाई गाडीतून उतरून थेट मागच्या दारानं आत गेल्या होत्या आणि गुडघ्यांमुळे त्या वर पाहायला चढत नसत. माती बदलू म्हटलं तर पेरणीच्या घाईत गडी कुठला मिळायला! मी गप्प राहिले. पहिले एक-दोन पाऊस बरे गेले. मग झड लागली.

तिसऱ्या दिवशी पुढच्या भागाची तुळई करकरली. आत जागोजाग धारा लागल्या होत्या, चिखल गळत होता. पाणी प्यालेल्या मातीच्या ओझ्यानं तुळई चांगलीच वाकली होती. सासूबाई दारात उभ्या राहून वर पाहत राहिल्या आणि काय झालं ते त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

"माह्या मालकानं उभं केलेलं घर हाये हे," त्या म्हणाल्या. "उद्या सकायी खाली करा. कोकनात जा नाई तं समुद्रात जा."

हरिहरपंत मान खाली घालून उभे राहिले. आमच्या मालकांची आईपुढे बोलायची प्राज्ञाच नव्हती. अनसूयाबाई मात्र तडक बाहेर गेली. पावसानं जरा उघडीप दिली होती. पाहते तर ही शिडी चढते आहे, हातात फावडं.

मीही पदर खोचला. आम्ही दोघींनी तो काळा चिखल खरवडून खाली लोटला. पायाला शेर शेर माती चिकटत होती, दोनदा मी आपटले. मग मालकांना आणि पंतांना लाज वाटली असावी. ते गोठ्यातली कोरडी खारी माती टोपल्यांनी वर देऊ लागले. आम्ही ती पसरत होतो, तुडवत होतो. खाली तुळई करकरत होती आणि प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आता गेलो.

"उतर खाली, पोरी! घर पडलं तं पडलं!"

सासूबाई शिडीच्या चौथ्या पायरीवर होत्या. ते गुडघे घेऊन! मला वाटलं मला म्हणतात. पण त्यांची नजर अनसूयाबाईवर होती.

"नाही उतरणार," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला मी ऐकला. "माझ्या आईच्या अंगावर छप्पर पडलं, मावशी. खारानं आढ्याचे खिळे खाल्ले होते, कुणाला कळलंच नाही. एका वादळात गेलं सगळं. तुमच्या घरावर खार पाहिला आणि मला झोप येईना. तुमच्यासाठीच काढला हो मी. तुमच्यासाठीच काढला."

तिनं रडत रडतच शेवटची टोपली पसरली.  ती खाली आल्यावर सासूबाईंनी तिचे चिखलाचे पाय स्वतः पाणी घालून धुतले. अनसूयाबाई नको नको म्हणत पाय मागे घेत होती. "आमच्या अथीचा खार वेगया हाये बाई," एवढंच त्या म्हणाल्या. तुळईला टेकू लावला. पुन्हा झड लागली तेव्हा थेंबही आत आला नाही. घर खाली करायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पुढच्या वर्षी झावळ्या मिळेनात म्हणून अनसूयाबाईनं पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, पडदे विणले आणि पश्चिमेच्या भिंतीवर बांधले. गाव हसलं, पण झडीनं सगळ्यांच्या भिंती खरवडल्या तेव्हा आमचं लिंपण जसंच्या तसं होतं. सासूबाई ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून नेऊन दाखवायच्या, जणू अक्कल त्यांचीच. असे हसण्याचे दिवस त्या घरात मी आधी पाहिले नव्हते आणि खरं सांगते, नंतरही नाही.

मग तिकडची लढाई संपली. कापसाचा भाव पडला, पेढी उठली आणि हरिहरपंतांना मुंबईला बोलावणं आलं. ऊन, पाऊस, खार सगळ्यांना आम्ही पुरून उरलो होतो. भावापुढे काय करणार? जाताना अनसूयाबाई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "येईन हो मी." बैलांची दमणी वळणाआड गेली तरी मी उभीच होते.

पुढचा भाग रिकामा झाला. गिऱ्हाईकं पुष्कळ आली. एक अडत्या तर रोज यायचा. सासूबाई प्रत्येकाला नाही म्हणायच्या. मृग तोंडावर आला तेव्हा आमच्या राहत्या भागाच्या आधी त्यांनी त्या रिकाम्या भागावर खारी माती टाकायला लावली. मालक चिडून म्हणाले, "माय, कोनी राह्यत नाई तिथी. कायले टाकून राहिली?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खालून गड्याला माती कुठे पातळ पडली ते हातानं दाखवत म्हणाल्या, "थे पोरगी आली तं कुठी राहीन मंग?"