राखलेला उतार

"काका, नुसतं बोट ठेवा नकाशावर. मी कुणाला सांगणार नाही," माती तपासणारी नूरिया चौथ्यांदा म्हणाली.

माझा थोरला भाऊ लेओन्सिओ नुसता वाइनचा पेला फिरवत होता. खानावळीत अख्खं गाव कान टवकारून बसलेलं. आमच्या अलिस्तेच्या डोंगराळ मुलखात माणूस बायकोचं खरं वय सांगेल, पण अळंबीची जागा? छे! बाबांनीही सांगितली नव्हती. दादानं ती त्यांच्या मागे लपतछपत जाऊन हुडकली, आणि मला, सख्ख्या भावाला, कधी दाखवली नाही. वहिनी गेल्यापासून पावसानंतरचे ते तीन आठवडेच तो खरा जगायचा. बाकी वर्षभर नुसता बसून असायचा.

उन्हाळ्यात वणवा पेटला तर गावच जाईल, म्हणून थंडीत आम्हीच हारा नावाची चिकट, भडकन पेटणारी झुडपं जाळतो. सव्वीस वर्षं आग लावायचा, तेल ठिबकणारा पेटता डबा हातात धरून माझी कंबर कामातून गेली आहे.

"अळंबी वर दिसते, पण तिचा जीव खाली असतो," नूरिया म्हणाली. "बुरशीचे धागे हाराच्या मुळांना धरून जगतात. झुडूप मेलं, माती फार तापली, की तेही जातात. यंदा एक पट्टा न जाळता राखला तर तिथून पुन्हा पसरतील. बोला, कुठला राखायचा?"

दादानं जुन्या कोंडवाड्यावरच्या उतारावर बोट टेकलं. "इथं."

फेब्रुवारीत तो उतार मी जीव तोडून राखला. वारा फिरला, तेव्हा ओल्या फांद्यांनी आग झोडपता झोडपता भुवया जळाल्या. बाकीचं पेटवायला निघालो, तर दादा वाटेत उभा.

"ओढ्याकडचंही जाळणार?"

"हो. का रे?"

त्यानं माझ्यामागे डबे घेऊन उभ्या सात जणांकडे पाहिलं. "काही नाही. सहज."

ऑक्टोबरात पाऊस झाला. चौथ्या दिवशी सकाळी दादा टोपली घेऊन दारात. "चल."

राखलेला उतार आला तरी तो थांबेना.

"दादा, उतार मागे राहिला."

"तिथं काय आहे? दगड!"

ओढ्याजवळ पोहोचलो. काळी जमीन, वर बोटभर हाराची रोपं. दादा गुडघे टेकून बसला, बोटांनी माती उकरत राहिला. हाताला राख तेवढी लागली.

"हीच बाबांची जागा," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, मग बोलला का नाहीस? डबा घेऊन तुझ्यासमोर उभा होतो मी!"

"एकटा होतास का?"

कपाळ! मी म्हटलं, "नूरिया म्हणते, ही रोपं मोठी झाली की चारपाच वर्षांत कदाचित येतील."

"मी शहात्तरचा आहे, आबिलिओ."

मला रडू आलं. मी आगीला शिव्या घातल्या, मग स्वतःला. ओढ्याच्या कडेनं नेचं उगवलं होतं, त्याची पानं कापून दादानं टोपलीवर नेहमीसारखी नीट पसरली, आत किती आहे ते लोकांना दिसू नये म्हणून. मग टोपली माझ्याकडे दिली.

"माझे गुडघे दुखतायत. तू घे. आणि जागा कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत."

खानावळीच्या ओट्यावर चारपाच जण बसले होते. मी टोपली जड असल्यासारखी दोन्ही हातांनी धरली आणि थोडा वाकून चालू लागलो.