ज्या पाण्याची माती

केनियातून कॉल दुपारी तीनला यायचा होता, पण सकाळीच अन्नपूर्णाबाईंच्या हातून वरण बुडाला लागलं. काशीत दूधविनायकाच्या गल्लीतल्या त्यांच्या घरात तीन खोल्या यात्रेकरूंसाठी होत्या. सांगली-साताऱ्याकडची माणसं यायची, स्नान-पिंडदान उरकून चार दिवसांनी जायची, आणि जाताना खोलीचं नाही, बाईंच्या हातच्या जेवणाचं नाव काढायची. आज वरच्या खोलीतल्या कराडच्या आजोबांनी पहिला घास घेतला, बाईंकडे पाहिलं आणि ताक मागून घेतलं. या घरातला कर्ता मुलगा शार्दूल दीड महिन्यापूर्वी परदेशात वारला, हे गल्लीत पाऊल ठेवलेल्या प्रत्येकाला पहिल्या तासात कळत असे.

"आई, तुम्ही बसा. मी वाढते," सून वैदेही म्हणाली. ती शाळेत शिकवायची. आज तिनं कॉलसाठी रजा घेतली होती.

पंगत उठल्यावर ती सासूजवळ येऊन बसली.

"तिथला कॅम्प चालवणाऱ्या हिमानी मॅडम हिंदी बोलतात. त्या विचारतील, त्या संध्याकाळी शार्दूल तुमच्याशी फोनवर काय बोलला. मला सांगितलंत तेच त्यांना सांगा. 'जेवलास का', एवढंच."

"हं."

"तो चौकीदार म्हणतोय, शार्दूल त्याला म्हणाला, आईनं नदीवर जायला सांगितलंय. स्वतःची मान सोडवायला मेलेल्या माणसाच्या तोंडी घालतोय. तुम्ही एकदा नाही म्हणालात की त्याचं खोटं उघडं पडेल. मग नोकरी जाईल, वर पोलिसांची चौकशी. जाऊ दे. कुणाला तरी काही भोगावं लागायला नको का?"

अन्नपूर्णाबाई पातेल्याचं बूड खरवडत राहिल्या. चौकीदार खोटं बोलत नव्हता. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो, आणि दुसऱ्या त्या.

शार्दूल स्वयंपाक शिकला तो आईच्या हाताखाली, याच ओट्याशी. पुण्याचे एक टूरवाले यात्रेला येऊन त्यांच्याकडे उतरले होते. शार्दूलच्या हातची आमटी खाऊन ते म्हणाले, "आमची मंडळी आफ्रिकेत सिंह बघायला जातात हो, आणि तिसऱ्या दिवशी सिंहापेक्षा वरणभाताचीच जास्त चौकशी करतात. येतोस का?" शार्दूल गेला. मारा नदीच्या काठी तंबूंचा कॅम्प होता. जून ते ऑक्टोबर तिथं राहायचं, मग घरी. हे त्याचं तिसरं वर्ष होतं.

तो फोनवर तिथल्या गमती सांगायचा. गादी, पलंग, नळाचं पाणी, सगळं तंबूत. अंधार पडल्यावर एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जायचं तर चौकीदार बरोबर हवा. गळ्यात शिट्टी हवी. दुपारी चारनंतर नदीच्या काठाला कुणी पाऊल टाकायचं नाही, पाहुण्यांनी नाही आणि नोकरांनीही नाही.

"सिंहाचं काही नाही गं आई, तो आपल्या वाटेनं जातो. भय पाणघोड्याचं. दिवसभर पाण्यात पखालीसारखा फुगून पडलेला असतो. उन्हं कलली की चरायला वर येतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस सापडला की संपलं."

"आपल्या गल्लीतले सांड काय कमी आहेत?" बाई म्हणाल्या होत्या. "भिंतीला पाठ लावायची आणि त्याला जाऊ द्यायचं."

शार्दूल पोट धरून हसला होता. "इथं भिंत कुठाय, आई?"

घरात दीड दिवसाचा गणपती असायचा. मूर्ती विकत आणायची रीत नव्हती. ज्येष्ठात, गंगेला पूर यायच्या आधी, घरच्या पुरुषानं राजा घाटाखालची माती आणून ठेवायची. भाद्रपदात ती भिजवून आपल्या हातानं मूर्ती करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच घाटावर पाण्यात सोडायची. सात पिढ्यांत खंड नव्हता. नवरा वारल्यावर हे काम शार्दूलकडे आलं. पहिली दोन वर्षं तो गणपतीपुरता आठवडाभर येऊन गेला. यंदा कॅम्प भरलेला, त्याला रजा मिळाली नाही. बाईंनी फोनवर धोशा लावला, "तू जिथं आहेस तिथं कर, पण कर. माझ्या डोळ्यांदेखत खंड नको."

त्यानं केला. माती सिरोंका नावाच्या चौकीदारानं भर दुपारी नदीकाठाहून खणून आणून दिली. शार्दूलनं फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'सोंड जरा जास्तच लांब झालीय. इथं रोज खरे हत्ती बघतो ना.' जेवणाच्या तंबूत चौदा मराठी पाहुण्यांनी टाळ्यांवर आरती म्हटली.

दुसऱ्या दिवशी काशीत संध्याकाळचे सात वाजले होते, तिकडे साडेचार. वैदेही कीर्तनाला गेली होती. बाई यात्रेकरूंच्या पोळ्या लाटत होत्या. फोन आला.

"आई, आज ओट्यापासून सुटायलाच उशीर झाला. आता नदीवर सोडत नाहीत. बादलीत विसर्जन करतो आणि सकाळी ते पाणी नदीत नेऊन ओततो. चालेल ना?"

"बादलीत? फ्लॅटात राहतोस का तू? ज्या पाण्याची माती त्याच पाण्यात गेली पाहिजे. तुझे बाबा पुराच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरायचे."

"अगं, इथला नियम आहे."

"तो कॅम्पाचा. आपला नियम त्याच्या आधीचा. पाच मिनिटांचं तर काम. त्या तुझ्या चौकीदार मित्राला घे बरोबर."

तो म्हणाला, "बरं."

दोन मिनिटांचा फोन. सकाळी दुसरा फोन आला तो हिमानी मॅडमचा. विसर्जन करताना पाणघोड्यानं शार्दूलचा जीव घेतला होता. वैदेही जमिनीवर कोसळली. बाई तिला सावरत असताना तिनं विचारलं, "काल बोलला का तुमच्याशी? काय म्हणाला?" आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "जेवलास का, एवढंच विचारलं मी." तेव्हा ते खोटं वाटलंही नव्हतं. पुढं अस्थी आल्या, घाटावरून प्रवाहात गेल्या, तेरावा झाला. जबलपूरहून वैदेहीचे वडील तिला न्यायला आले. ती म्हणाली, "आईंना सोडून मी कुठं जाऊ? आम्हा दोघींचं दुःख एकच आहे." त्या दिवसापासून बाईंना सांगण्याची सोय उरली नाही.

अडीच वाजता धाकटे दीर नीलकंठराव लॅपटॉप घेऊन आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, असली कामं त्यांच्याकडेच असत. तांदळाच्या डब्यावर त्यांनी तो मांडला.

"वहिनी, जरा मागं सरका. त्यांना तुमचं नुसतं कपाळ दिसेल. आणि लांबण लावू नका. दोन शब्द बोला आणि मोकळ्या व्हा."

"मोकळं व्हायचंच आहे, भाऊजी," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाही तेव्हा कळलं नाही त्या कशाबद्दल बोलत होत्या.

पडद्यावर हिमानी मॅडम आल्या. नैरोबीच्या गुजराती घरातल्या, चाळिशीच्या बाई. शेजारी लाल चौकड्यांचं वस्त्र पांघरलेला एक उंच, वाळका माणूस खुर्चीच्या कडेला बसला होता. त्याचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत पट्ट्यांत होता.

"हा सिरोंका," मॅडम हिंदीत म्हणाल्या. "निर्णयाच्या आधी आईंना एकदा बघायचंय म्हणाला."

"याला कशाला बसवलंय?" वैदेही नीलकंठरावांकडे वळून पुटपुटली.

तो माणूस हळूहळू काही बोलला. मॅडमनी सांगितलं, "तो म्हणतो, मी मागोमाग पाण्यात उडी घेतली. त्याचा सदरा माझ्या हातात आला होता. धरून ठेवता आला नाही. मला क्षमा करा."

नीलकंठरावांनी वैदेहीकडे पाहिलं. "यानं उडी घेतली होती? हे कॅम्पाच्या पत्रात नव्हतं."

"होतं," वैदेही खाली बघून म्हणाली. पत्र इंग्रजीत होतं. घरात वाचून दाखवताना तिनं ती ओळ गाळली होती.

मॅडमनी कागद समोर ओढला. "माताजी, एकच प्रश्न आहे. नियम मोडून माणसाला नदीवर नेल्याबद्दल आम्ही याला काढतोय. हा म्हणतो, शार्दूलनं आईचा निरोप सांगितला, म्हणून नेलं, आणि हे आपण मनानं रचलेलं नाही. तुम्ही त्या संध्याकाळी शार्दूलला नदीवर जा म्हणाला होतात का?"

गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल हॉर्न वाजवत गेली. वैदेहीचा हात बाईंच्या गुडघ्यावर होता. दीड महिना तो हात असाच कुठं ना कुठं असायचा, पाठीवर, कपाळावर, औषधाच्या गोळीसकट तळहातावर. एक 'नाही' म्हटलं की तो तिथंच राहणार होता. पलीकडे तो माणूस बाईंकडे नुसता बघत होता. त्याच्या डोळ्यांत मागणं नव्हतं. शार्दूलनं सोडायला नेलेला गणपती त्याच्याच हातानं खणलेल्या मातीचा होता.

"मैंने कहा था," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "वो बाल्टी में करना चाहता था. मैंने ही नदी पर भेजा. ये आदमी सच बोल रहा है."

मग त्यांनी सगळं सांगितलं, बादली, पाच मिनिटांचं काम, मित्राला बरोबर घे म्हटलं तेसुद्धा. मॅडम लिहून घेत होत्या. सिरोंकाला त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा निवळला नाही, मान आणखी खाली गेली. तो काहीतरी म्हणाला.

"म्हणतो, माझ्या आईनं सांगितलं असतं तर मीही गेलो असतो."

गुडघ्यावरचा हात केव्हा निघून गेला ते बाईंना कळलं नाही. त्यांनी वळून पाहिलं तर वैदेही जिना चढत होती.

नीलकंठरावांनी लॅपटॉप मिटला. बराच वेळ ते त्याची वायर गुंडाळत बसले. "वहिनी, हे काय केलंत?"

"केलं ते तेव्हाच केलं, भाऊजी. आज नुसतं सांगितलं."

दिवेलागणीला वैदेही खाली आली. डोळे कोरडे होते. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, बादलीत कर. घमेल्यात कर. नाही केलास तरी चालेल."

"हो."

"रडून रडून तुमचं डोकं दुखायचं, ते मी मांडीवर घेऊन बसायची."

"हो गं."

"तो पाण्यात उतरला तो तुमच्यासाठी. माझ्यासाठी तो कधी साधी सुट्टी घेऊन आला नाही."

तिनं पिण्याच्या पाण्याचा तांब्या भरला आणि वर गेली.

आठवड्यानं नीलकंठरावांकडे पत्र आलं. सिरोंकाची नोकरी राहिली. पुढल्या हंगामापर्यंत त्याला नदीकाठाच्या पहाऱ्याऐवजी फाटकावर बसवणार होते. बाईंनी ऐकून घेतलं. बरं झालं असं त्या म्हणाल्या, पण त्यांना बरं वाटलं नाही.

वैदेही माहेरी गेली नाही. बाई रोज तिची बॅग आवरलेली दिसेल या भीतीनं वर बघायच्या, पण बॅग कपाटावरून हलली नाही. शाळा, बाजार, पाहुण्यांच्या चादरी, सगळं तिनं चालू ठेवलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, अशी सून मिळायला भाग्य लागतं.

फक्त एक झालं. कॉलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाईंच्या पुढं कप ठेवला आणि म्हणाली, "चाय रख दी है." दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी, शाळेत ती हिंदीच बोलायची, पण या उंबऱ्याच्या आत नऊ वर्षांत कधी नाही. बाईंना वाटलं, तोंडून गेलं असेल.

"घेते गं," त्या मराठीत म्हणाल्या.

दुपारी ती म्हणाली, "माताजी, दवा ले लीजिए." आवाजात राग नव्हता. घाटावर कुणा अनोळखी म्हातारीला हात द्यावा तसा तो होता. बाईंनी गोळी घेतली. त्यानंतर ती हिंदीच बोलत राहिली, नीट, अदबीनं, कामापुरती.

कार्तिकी पौर्णिमेला घर भरलं. वरच्या मजल्यावर मिरजेची मंडळी उतरली होती. वैदेही त्यांना घाटाची वाट समजावत होती. पायऱ्यांवर पुराचा गाळ अजून आहे, पाय जपून टाका, आजींना मधोमध घ्या, असं स्वच्छ मराठीत सांगत होती, मध्येच कुणाच्या तरी बोलण्यावर हसतही होती. अन्नपूर्णाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून ऐकत राहिल्या. मग वीस माणसांचा भात लावायचा होता, म्हणून आत गेल्या.