तिसऱ्या पंपाखालची बादली

ताईंनी कागद कारखान्याच्या मुख्य अभियंत्याचं नेटवरचं पान अकराव्यांदा उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनला नाक लागेल इतक्या वाकून फोटो न्याहाळला. मग वहीत लिहिलं : मार्च, निळी बादली.

शेजारच्या टेबलावर तोफ बसत असे. दिवसाला दोनशे अनोळखी लोकांवर एकच मजकूर डागायचा, म्हणून ऑफिसने त्याला हे नाव दिलं होतं. ‘आपली प्रगती पाहून भारावलो’ असं त्या अभियंत्यालाही त्याने चारदा कळवलं होतं. चारही वेळा तिकडून हूं नाही की चूं नाही.

दोघांपैकी जो शुक्रवारपर्यंत त्या कारखान्यात भेटीची वेळ मिळवेल तो विक्रीत राहील, दुसऱ्याने गोदाम सांभाळायचं, असं साहेबांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं. पंपातून पाणी गळू नये म्हणून आत एक कडी बसवतात, तिला सील म्हणतात. ती विकण्यात ताईंची एकवीस वर्षं गेली होती. आणि आज गुरुवार होता.

“अहो ताई, किती बघाल त्याला? स्थळ आलंय का कुणासाठी?” तोफ म्हणाला.

“अकरावी वेळ आहे. बघायचं तर नीट बघावं.”

“अकरा?” तो खुर्चीसकट वळला. “अहो, त्याला कळतं ते! कोण डोकावून गेलं ते तिकडे दिसतं. तुमच्या नावासकट, फोटोसकट.”

ताईंचा चेहरा उतरला. लेकीने घाईघाईत तिथे ताईंचंही पान काढून दिलं होतं, तेव्हा हे काही सांगितलं नव्हतं. पन्नाशीची बाई, परक्या माणसाच्या दारात अकरा वेळा घुटमळलेली, आणि तो आतून बघतोय! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान बंद करायला हात गेला, पण मध्येच थांबला. अब्रू जायची ती गेलीच होती. आता वही तरी कशाला वाया घालवायची?

त्यांनी लिहिलं : ‘सर, कामगारांना बक्षिसं देतानाचे तीन फोटो तुम्ही टाकलेत, त्यांत मागे तिसरा पंप दिसतो. जूनमध्ये त्याच्याखाली लाल बादली होती, डिसेंबरात हिरवी, आता निळी. प्रत्येक बादली आधीपेक्षा मोठी आहे. मी सील विकते. एकदा तो पंप बघू द्या.’ खाली फोन नंबर दिला आणि पाठवून टाकलं.

दुपारी फोन वाजला.

“अकरा वेळा दारापर्यंत येऊन बेल न वाजवता गेलात, त्या तुम्हीच ना?”

ताई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. “सर, माफ करा, मला खरंच माहीत नव्हतं की...”

“माफी कसली मागताय! रोज वीस जण भारावतात, पण पान उघडून कुणी बघत नाही. तुमचं नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं तेव्हा म्हटलं, ही बाई शोधतेय तरी काय? त्या बादलीशेजारून मी रोज जातो हो. इतकी सवय झाली की दिसेनाशीच झाली. उद्या दहाला या. आणि जाड बूट घालून या, तिथे खाली ओलं असतं.”

“ते माहीत आहे,” ताई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. साहेब केबिनमधून बाहेर आले.

दीड महिन्यानंतर अभियंत्याने एक फोटो टाकला. त्यात माणूस नव्हता, बक्षीस नव्हतं. नुसता तिसरा पंप होता आणि त्याच्याखालची कोरडी फरशी. वर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

तोफ गोदामाची यादी घेऊन वर आला होता. त्याने ताईंच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

“आता कशाला उघडताय ताई? ऑर्डर तर मिळाली. त्याला कळेल ना!”

ताईंनी पान बंद केलं, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडलं.

“कळू दे की,” त्या म्हणाल्या.