दहावं डोकं

सरकारने पोहण्याच्या तलावावर चाळिशीपुढच्या बायकांसाठी सकाळचा एक तास राखून ठेवला, तेव्हा तिकीट-खिडकीवालीने नाक मुरडलं होतं. फलक लावल्याने कधी कुणी पाण्यात उतरतं होय? पण तिची थोरली बहीणच उतरली. जिन्याच्या तीन पायऱ्या चढायलाही जिला हिचा हात धरावा लागे, ती ताई कमरेइतक्या पाण्यात चक्क चालायला लागली. त्या दिवसापासून खिडकीवालीचा जीव त्या तासात अडकला.

अट एकच होती. पाण्यात निदान दहाजणी हव्यात, नाहीतर तास बंद. आज तपासनीस बाई आल्या होत्या आणि पाण्यात होत्या नऊजणी. रोज येणाऱ्या दहाव्या, शिवणकामवाल्या मावशी, आल्या नव्हत्या आणि त्यांचा फोनही लागत नव्हता.

"पाच मिनिटं थांबते," तपासनीस बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "मी पाण्यातली डोकी मोजते. वहीतली नाही."

खिडकीवालीने पाण्याकडे पाहिलं. अकरा वर्षं तिने या तलावावर काढली, पण घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. लहानपणी एकदा नदीत नाकातोंडात पाणी गेलं होतं, तो धसका अजून गेला नव्हता. तिकडे ताई हसत-खिदळत चालत होती, तिला कशाचा पत्ताच नव्हता. तास बंद झाला तर ती पुन्हा दिवसभर खाटेवर बसून राहणार होती.

आणखी दोन मिनिटं गेली. मावशींचा पत्ता नाही.

खिडकीवालीने खिडकी बंद केली आणि स्वतःसाठी एक तिकीट फाडलं. चाळिशी तर तिचीही कधीच उलटली होती. विसरलेल्या कपड्यांच्या पेटीतला कुणाचा तरी ढगळ पोशाख तिने अंगात चढवला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तिने दांडी दोन्ही हातांनी आवळली, तिसरीवर डोळे मिटले गेले.

"अगं, वेड लागलं का तुला?" ताई ओरडली.

"बाई, आधी मोजा! लवकर मोजा!"

"दहा," तपासनीस बाई म्हणाल्या. "तास चालू राहील. पुढच्या महिन्यात येईन पुन्हा."

ते खिडकीवालीला धड ऐकूही आलं नाही. शिडीची दांडी काही केल्या हातातून सुटेना. ताई पाण्यातून चालत आली, तिने बहिणीची बोटं एकेक करून सोडवली आणि रोज जिन्यात ती ताईला जे म्हणायची, तेच ताई तिला म्हणाली.

"मी धरलंय ना. टाक पाऊल."