डिकीभर पेटी

मी लोकांना गाडी शिकवते. ओरडणं हा माझा धंदाच आहे. आमचे हे कपाटं करतात. फार बोलत नाहीत, पण बोलले की खिळा ठोकल्यासारखं, तो शब्द काही केल्या परत निघत नाही.

धाकटी बेस गिटार वाजवायला घर सोडून गेली, तेव्हा यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पुढे तिचं पहिलं गाणं माझ्या फोनवर आलं. त्या टीचभर स्पीकरमधून गाणारा ऐकू आला, ड्रम ऐकू आला, आमची लेक काही ऐकू आली नाही. हे म्हणाले, "यात ती आहे कुठं? ऐकूसुद्धा येत नाही असलं वाजवायला घर सोडलं? ज्या दिवशी मला ती ऐकू येईल, त्या दिवशी मी आपणहून फोन करीन." आणि बिजागऱ्या लावायला निघून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांबा, ऐकवतेच.

गाड्यांची वायरिंग करणारा एक ओळखीचा आहे, त्याला सगळे वायरवालाच म्हणतात. तो म्हणाला, बेसचे खर्जातले सूर फोनमधून यायचे नाहीत, ऐकायचे तर गाडीत वूफर, म्हणजे मोठा स्पीकर, बसवा. बसवायला बंद पेटी हवी. घरात सुतार असताना बाहेर कशाला जायचं? यांना म्हटलं, "गाडीत गाणी धड वाजत नाहीत, एक पेटी करून द्या." खरं कारण काही सांगितलं नाही.

आता यांची एक खोड आहे. कपाट आणि भिंत यांच्यात नख शिरेल एवढी फट राहिली, तरी यांना घास गोड लागत नाही. यांनी डिकी मोजली आणि डिकीभर पेटी केली. कोपऱ्याला कोपरा, वळणाला वळण. काम असं देखणं की दृष्ट काढावी! स्टेपनी तेवढी मागच्या सीटवर आली.

आणि आवाज? अहो, कसला आवाज! गादीखाली कुणी कण्हत असावं तसं नुसतं घुमत होतं. एक सूर संपायच्या आत दुसरा त्यात कालवला जाई.

वायरवाल्यानं डिकी उघडली आणि हसतच सुटला. "ताई, यात संसार मांडायचाय का? केवढी ही पेटी! मागे एवढी हवा असली की वूफरचा पडदा सैल नाचतो, थांबायचं नावच घेत नाही. आतली जागा कमी करा."

"म्हणजे नवी पेटी?"

"छे! आत लाकडाचे ठोकळे टाका. पण पक्के बसवा, नाहीतर तेच खडखडतील."

यांच्या कारखान्यात लाकडाच्या तुकड्यांना काय तोटा! वूफर उतरवला, एक ठोकळा आत स्क्रूनं आवळला, वूफर परत लावला, गाणं ऐकलं. पुन्हा उतरवला, आणखी एक ठोकळा. हात भरून आले, पण ऐकतंय कोण! तेवढ्यात हे मागे येऊन उभे.

"अगं, माझ्या कामात हात घालतेस?"

"घालते."

"एक इंच वाया घालवला नाही मी!"

"तेच तर चुकलं! घालवायला हवा होता."

"लोक काय म्हणतील? सुताराच्या पेटीला बायको ठिगळं लावते?"

"म्हणू देत. त्यातल्या निम्म्यांना रिव्हर्स मीच शिकवलाय."

पाय आपटत गेले. मी हौसेनं जरा जास्तच ठोकळे भरले, तर दारावर थाप मारावी तसा कोरडा ठणठणाट सुरू झाला. शेवटचा एक काढला. गाडीत बसून गाणं लावलं, आणि एकेक सूर सुटा झाला. चढला, थांबला, उतरला. ती होती! माझी पोर होती ती! स्टिअरिंगवर डोकं टेकून मी रडले. मग तोंड धुतलं आणि यांना बोलावून आणलं.

"बसा."

"मला काम आहे."

"बसा म्हटलं ना!"

बसले. गाणं लागलं. "हे तर ऐकलंय मी," म्हणाले.

"आत्ता ऐका."

आधी कपाळावर आठी. मग मान जरा कलली. मग एकदम म्हणाले, "इथं चुकली."

"काय?"

"गाणारा थांबला आणि ही पुढे गेली. लहानपणापासून थांबणं म्हणून माहीत नाही."

"चुकलेली कळली, म्हणजे ऐकू आली."

हे मग काचेबाहेर बघत म्हणाले, "पेटी मुळात माझीच आहे." सुंभ जळेल, पण पीळ जाईल तर शपथ! मी नंबर लावला, फोन यांच्या मांडीवर ठेवला, उतरले आणि दार लावून घेतलं. काच तेवढी उघडी ठेवली.

फोन गाडीलाच जोडलेला होता. तिचा आवाज गाडीभर आला. "आई?"

"आई नाही, मी आहे." यांनी घसा खाकरला. "त्या शेवटच्या कडव्यात... तू चुकलीस."

मी काचेशी वाकले.

"चुकले नाही, बाबा," ती म्हणाली. "तिथं मला थांबायचंच नव्हतं."

यांनी नुसती मान डोलावली. पुन्हा पुन्हा डोलावली.

"अहो, तोंडानं बोला!" मी बाहेरून ओरडले. "तिला दिसतंय का?"